डिझेलची वकिली आणि एक पांढरा रुमाल

गेल्या वर्षी वाकडच्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये, साठ-सत्तर माणसांदेखत, मी एका डिझेल गाडीच्या सायलेन्सरला पांढरा रुमाल लावला. रुमाल काळा झाला. त्या गाडीतला धुराचा फिल्टर तीन वर्षांपूर्वी मीच फोडून काढला होता, आणि हे मी साफ विसरलो होतो.

गोष्ट खरं तर इथेच संपते. पण दिवाळी अंकाच्या संपादकांना चार ओळी चालत नाहीत, आणि माझा राग चार ओळींत मावत नाही. राग कुणाचा, ते लिहिता लिहिता ठरवू. सुरुवातीला तो सोसायटीवाल्यांचा होता.

मी डिझेल मिस्त्री. नाव दत्तात्रय, पण भोसरीपासून चाकणपर्यंत जे ओळखतात ते दत्तूमामा म्हणतात. मूळचा बार्शीकडचा. मिसरूड फुटायच्या वयात भोसरीच्या एमआयडीसीत एका पंपाच्या वर्कशॉपात लागलो. पंप म्हणजे इंजिनाला तोलून-मापून डिझेल पाजणारा पंप. मला तो पाण्याचा वाटला होता. पहिल्याच दिवशी मालकांना छाती काढून म्हणालो, "विहिरीवरच्या मोटारीचं सगळं काम येतं मला." मालकांनी मला महिनाभर नुसती नोझल पुसायला बसवलं.

बाहेरच्या माणसाला हा धंदा दोन मिनिटांत सांगतो. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. डिझेलला ठिणगी लागत नाही. आत हवा इतकी दाबायची की ती नुसत्या दाबानेच डिझेल पेटवण्याइतकी तापते. मग तिच्यात डिझेलचा फवारा सोडायचा. हा फवारा नोझलच्या केसाएवढ्या भोकांतून सुटतो. तो धुक्यासारखा बारीक पडला तर डिझेल नीट जळतं. नोझल खराब होऊन थेंब पडायला लागले तर अर्धवट जळतं आणि काजळी होऊन मागून बाहेर येतं. म्हणजे काळा धूर हा आजार आहे. तापाने फणफणलेल्या माणसाला बघून कुणी म्हणत नाही की माणूस ही चीजच मुळात गरम असते. डिझेलच्या बाबतीत मात्र सगळे शहाणे तेच म्हणतात, आणि माझं डोकं फिरतं.

आता आजार म्हटला की डॉक्टर आला. डॉक्टर मी. माझे उपचार ऐका.

मोशीजवळ स्वतःचं गॅरेज टाकलं त्या सुमाराची गोष्ट. चाकणकडच्या एका जुन्या गावातले तात्या माझं गिऱ्हाईक. जमीन कंपनीत गेली, तात्यांनी दोन टिपर घेतले. एके दिवशी टिपर घेऊन आले.

"मिस्त्री, गाडी दम धरीत न्हाई."

मी पंप उतरवला, नोझल बदलली, फवारा असा पाडला की बघत राहावं. गाडी चढावर चालवून दाखवली. मागे धुराचा मागमूस नाही. तात्या रस्त्यात कमरेवर हात ठेवून उभे, तोंड वाकडं.

"आवो, धूर कुठाय?"

"धूर नाही म्हणजे गाडी ठणठणीत आहे, तात्या."

"व्हय, पर लोकास्नी कळंल कसं आमी आलो ते? मागच्याला वाटंल रिकामीच चाललीय. येक चावी द्या तिला."

चावी देणं म्हणजे पंपाचा स्क्रू फिरवून इंजिनाला भुकेपेक्षा जास्त डिझेल पाजणं. मी एक नव्हे, दोन चाव्या दिल्या. गिऱ्हाईक खूश झालं पाहिजे. टिपरचा ॲक्सिलरेटर दाबला की मागे अमावास्या. तात्यांनी पेढे आणले, मी ते खाल्ले. संध्याकाळी स्कूटरवरून घरी निघालो तर त्याच टिपरच्या मागे सापडलो आणि थेट भोसरीपर्यंत मागेच राहिलो. दार वाजवलं. आमच्या मंगलने, म्हणजे बायकोने, दार उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?"

दुसरा उपचार प्रमाणपत्राचा. गाडीच्या धुराची तपासणी होते, तिचा कागद मिळतो, तो काचेमागे ठेवायचा. तपासणीला मशिनाची नळी सायलेन्सरमध्ये घालायची असते. एका केंद्रावर माझी ओळख होती, तिथे नळी घालायची तसदी कुणी घेत नसे. एकदा माझ्या जुन्या जीपचा कागद संपला. ओळखीवर नवा आणला. त्या दिवशी जीपचं इंजिन खाली उतरवून गॅरेजात लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. कागदावर लिहून आलं, गाडीचा धूर मर्यादेत आहे. ते खोटं नव्हतं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात खरा कागद.

हसा. मीही वर्षानुवर्षं हीच गोष्ट सांगून लोकांना हसवत आलो.

मग नव्या नियमांच्या डिझेल गाड्या आल्या. त्यांच्या पोटाखाली एक पोलादी डबा असतो आणि डब्यात चिनी मातीची, मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळीची वीट. हाच धुराचा फिल्टर. काजळी त्या जाळीत अडकते, बाहेर पडत नाही. असा डबा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा खरं सांगतो, हात जोडले. उभी हयात मी ज्या काजळीशी झुंजलो ती कुणीतरी डब्यात कोंडून दाखवली होती. नव्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरला मी पांढरा रुमाल लावायचो आणि तो पांढराच्या पांढरा परत खिशात घालायचो. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. तेव्हापासून तो माझा खेळच झाला.

पण या डब्याची एक अट आहे. अडकलेली काजळी गाडी आतल्या आत जाळते, त्यासाठी तिला वीस-पंचवीस मिनिटं सलग, न थांबता, बऱ्या वेगाने पळायला मिळालं पाहिजे. आता सांगा, कुठे? वाकडहून हिंजवडीला? की चाकणच्या चौकात? ज्या रस्त्यावर माणसाला सलग वीस मिनिटं शिवी न देता जाता येत नाही, त्या रस्त्यावर ही गाडी काजळी जाळणार कधी? डबा तुंबतो. समोर दिवा लागतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं की गाडी मरतुकडी चालते.

खरा उपाय सोपा. सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी द्रुतगती मार्गावर काढायची आणि तळेगावच्या पुढपर्यंत एका वेगात नेऊन आणायची. आमच्या गॅरेजात याला 'गाडी शेकून आणणं' म्हणत. मी एकदा गिऱ्हाइकाची गाडी शेकायला म्हणून नेली आणि लोणावळ्यात भजी खाऊन आलो. तेलकट बोटांचे ठसे स्टिअरिंगवर तसेच. गिऱ्हाईक म्हणालं, "मामा, गाडी चांगली शेकलीत. कांद्याचा वास येतोय."

उपाय सोपा, पण लोकांना वेळ नाही. आणि मिस्त्रीला गिऱ्हाईक सोडवत नाही. मग दुसरा उपाय निघाला. डबा कापायचा, पहारीने ती वीट आतून फोडून काढायची, रिकामा डबा पुन्हा वेल्डिंग करून जागेवर लावायचा. बाहेरून कुणाला काही कळत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला मात्र कळतं. त्यासाठी पिंपरीहून एक लॅपटॉपवाला यायचा. तो वायर जोडून कॉम्प्युटरला पटवून द्यायचा की तुला फिल्टर नव्हताच कधी. दिवा बंद. गिऱ्हाईक खूश. मीही खूश.

अनंतची गाडी अशीच आली. अनंत उदगीरचा, चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला. काम काय, तर नव्या गाड्यांच्या धुराच्या नळ्या तपासायच्या. नळीवर ओरखडा दिसला तरी ती बाजूला काढणारा माणूस. आधी तो दुचाकीने चाकणला जायचा. एका पहाटेच्या शिफ्टला नाशिक रस्त्यावर कंटेनरने कट मारला, डाव्या मांडीत रॉड बसवावा लागला. पुन्हा दुचाकीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी आणि त्याहून जोरात त्याच्या बायकोने सांगितलं. मग त्याने एक वापरलेली डिझेल गाडी घेतली. त्याच शिफ्टची आणखी तीन माणसं तो बरोबर न्यायचा. चार माणसं, एक गाडी. हवेचा कळवळा असणाऱ्यांनी त्याचा सत्कार करायला हवा होता.

एका महिन्यात तिसऱ्यांदा दिवा लागला तेव्हा तो गॅरेजात येऊन स्टुलावर बसला.

"मामा, सुट्टी एक असते हप्त्याला. ती बी गाडी शेकण्यात चालली. घरातली म्हणायलीय, गाडीशीच लग्न करायचं होतं."

"कायमचा बंदोबस्त करतो," मी म्हणालो.

"म्हणजे काढायलाव का काय ते?" नळ्या तपासणारा माणूस तो, त्याला कळलं. "चुकीचं नाही का मामा ते?"

"अरे, सगळे करतात."

हे माझं वाक्य. आजही ऐकू येतं. जेवणाच्या सुट्टीआधी डबा खाली, चहापर्यंत पुन्हा वर. अशा गाड्या इतक्या केल्या की कुठल्या केल्या हे लक्षात ठेवायचीही गरज वाटली नाही.

तीन वर्षं गेली. गॅरेज मी चालवायला दिलं, मी आपला सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि काम करणाऱ्यांना त्रास देतो. एक दिवस अनंतचा फोन. सोसायटीने नोटीस लावली होती: पुढच्या महिन्यापासून डिझेल गाड्यांना आवारात पार्किंग नाही. हवा खराब होते, रहिवाशांना त्रास होतो.

"बाहेर लावायला जागा आहे का?"

"रस्ता सगळा खोदून ठेवलाय मामा. गाडी इकावी लागंल. आन् मग परत दुचाकी. रविवारी मीटिंग हाय. तुम्ही जाणते. या अन् दोन शब्द बोला."

मी तर वाटच बघत होतो. रविवारी सकाळी धुतलेला शर्ट घातला, खिशात पांढरा रुमाल. वाकडला पोचेपर्यंत माझा राग उकळत गेला. सोसायटीच्या दोन्ही अंगांना नवे टॉवर चढत होते. सिमेंटच्या गाड्या ओल्या चाकांनी रस्ता माखत होत्या, वाळलेला तो चिखल पुढची गाडी हवेत उडवत होती. वाळूच्या ट्रकवर ताडपत्री नाही. नाल्याकाठी कुणीतरी वायरी जाळत होतं, तांब्यासाठी. फाटकाशी तीन पेट्रोल गाड्या एसी लावून नुसत्या घुरघुरत उभ्या, आत माणसं मोबाइल बघत. आणि या सगळ्यांत गुन्हेगार कोण, तर अनंतची गाडी! ज्या पट्ट्यात या गाड्या बनतात, ज्यांच्या कारखान्यांतल्या पगारावर हे टॉवर उभे राहतात, तिथेच त्यांना दारात उभं करायचं नाही.

मीटिंग पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. सेक्रेटरी पाटणकर मॅडम, चिंचवडच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. बारीक अंगाच्या, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. सकाळपासून वीज नव्हती, माइक जनरेटरवर चालला होता. मला बोलायला दिलं, आणि माझी नजर त्या जनरेटरवर गेली.

"मॅडम," मी म्हणालो, "डिझेलविरुद्ध बोलणारा तुमचा हा माइक डिझेलवरच बोलतोय."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. इथेच मी खाली बसलो असतो तर आज हा लेख दिमाखात लिहिला असता. पण टाळी ऐकली की माझं आवरत नाही. मी सिमेंटवर बोललो, वायरींवर बोललो, गणपतीतल्या फटाक्यांवर बोललो. मग नव्या डिझेल गाडीचा डबा समजावून सांगितला. आणि म्हणालो, "बोलणं पुरे. डोळ्यांनी बघा. अनंता, गाडी आण."

अनंत जागचा हलेना. "मामा, ऱ्हाऊ द्या की."

"लाजतोस काय? आण."

"मामा, ऐका माझं, ऱ्हाऊ द्या."

"बघा," मी लोकांना म्हणालो, "गरीब माणसाला आपलं खरं आहे हे सांगायचीसुद्धा भीती वाटते."

बिचारा उठला. चावी घेतली, गाडी मध्ये आणली. गाडीत बसूनही तो हात जोडून मला खुणा करत होता. मला वाटलं, नमस्कार करतोय. मी रुमाल झटकून चारी बाजूंना दाखवला, जादूगार दाखवतात तसा. सायलेन्सरच्या तोंडावर ताणून धरला. "दाब ॲक्सिलरेटर!"

रुमालावर पुरणपोळीएवढा काळा गोल उमटला.

कुणी हसलं नाही, हे जास्त लागलं. मागून एकजण हळूच म्हणाला, "काका, दुसरी बाजू लावून बघा."

मी खाली वाकलो. म्हटलं डबा फुटला असेल, गळत असेल, कायतरी असेलच. गुडघ्यांवर बसून गाडीच्या पोटाखाली बघितलं. डब्याच्या कडेने वेल्डिंगची शिवण गेली होती. प्रत्येक मिस्त्रीची शिवण वेगळी असते, हस्ताक्षरासारखी. माझी डावीकडे कलते. हीही डावीकडे कलली होती.

मी खालीच बसून राहिलो. गाडीपलीकडे पाटणकर मॅडमच्या चपला दिसत होत्या.

"काय झालं?" वरून आवाज आला.

"फिल्टर नाहीये यात. काढलाय."

"कुणी?"

अनंत पटकन म्हणाला, "लई जुनी गोष्ट हाय मॅडम, मीच—"

"मी," मी म्हणालो. "मी काढला."

तो पोरगा माझ्यासाठी खोटं बोलायला निघाला होता. त्याची गाडी माझ्यामुळे जायची पाळी आली होती, आणि तो मला झाकत होता.

मला वाटलं, मॅडम आता माझी फाडणार. त्या फक्त म्हणाल्या, "वर या."

त्यांचं घर पहिल्या मजल्यावर, बरोबर त्या उताराच्या माथ्यावर जिथून गाड्या खालच्या पार्किंगमधून जोर लावून वर येतात. आत खिडकीशी त्यांचे यजमान बसले होते. एका कंपनीत रंगाच्या शॉपमध्ये नोकरी झालेली. फुप्फुसं तिथेच गेली असावीत. नाकाला नळी, शेजारी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतंय. खिडकी बंद. त्यांनी मला मान हलवून बसायला सांगितलं. एक वाक्य बोलायला त्यांना दोन श्वास लागत, म्हणून ते बोलतच नसत.

मॅडमनी खिडकी उघडून बाहेरच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. "तुम्ही जाणकार. सांगा, काय आहे हे?"

ही परीक्षा मला येते. धूळ दोन बोटांत चोळायची. सिमेंट आणि माती खरखरते. काजळी तेलासारखी गुळगुळीत लागते आणि साबणाने धुतली तरी रेषांमध्ये राहते. मी चोळून बघितली. खरखर बरीच होती. माझा चेहरा उजळला. "मॅडम, यात जास्त सिमेंट आहे. आणि तुमच्या जनरेटरचा धूर बघा, पाइप थेट तुमच्या खिडकीखाली सोडलाय. गाड्यांचा यात—"

"काजळी आहे की नाही?"

"आहे."

"त्यातली तुमची किती?"

मी बोटं पँटला पुसली; रेषा काळ्याच राहिल्या.

"शिवाय जे वायू बोटाला लागत नाहीत, रुमालाला दिसत नाहीत, ते तर मी अजून विचारलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "तुमची ती सिमेंटची, वायरींची यादी खरी आहे. तक्रारी मी सगळ्यांच्याच केल्यात, फाइल दाखवते हवी तर. त्यांचं कुणी ऐकत नाही म्हणून जे माझ्या हातात आहे ते मी करते. माझ्या हातात पार्किंग आहे. तुमच्या हातात काय होतं?"

आता राग. त्या क्षणापर्यंत माझा राग जगावर होता. तो राग मी अजून परत घेतलेला नाही. डिझेल गाड्यांवर सगळं खापर फोडणं ही शुद्ध आळशी लबाडी आहे. गाडीला नंबरप्लेट असते, धुळीला नसते, म्हणून गाडी सापडते. पण ज्या एका यंत्रामुळे मला ही वकिली ताठ मानेने करता आली असती, ते यंत्र मी पहारीने फोडलं होतं. एकदा नव्हे. मी, माझ्यासारखे भोसरीतले, मोशीतले, चाकणमधले कितीतरी जण. कुणीतरी अक्कल पणाला लावून काजळी डब्यात कोंडली, आणि आम्ही ती जेवणाच्या सुट्टीआधी मोकळी केली. वर छाती पुढे काढून विचारतो, डिझेलला नावं का ठेवता?

मी मॅडमकडे एक महिना मागितला. त्यांनी दिला, वहीत तारीख लिहून.

नवा डबा मी मागवला. खर्चाची गोष्ट इथे काढत नाही. घरी मंगलने काढली ती पुरे आहे. "दुसऱ्याचं काढून टाकायला काही वाटलं नाही, आता बसवताना आठवलं होय?" तिने विचारलं. लॅपटॉपवाल्याला फोन केला की गाडीला परत सांग, तुला फिल्टर आहे. तो बराच वेळ हसत होता. "मामा, काढायला रोज येतात. बसवायला तुम्ही पहिलेच." डबा मी स्वतः बसवला. पाठ धरली, गुडघा धरला, शिव्या सगळ्या स्वतःलाच दिल्या. मग अनंतबरोबर तळेगावच्या पुढपर्यंत गाडी शेकून आणली. भजी खाल्ली नाहीत.

त्या महिन्यात मी आणखी एक उद्योग केला. ज्यांची नावं आठवली अशा जुन्या गिऱ्हाइकांना फोन लावले. म्हटलं, डबे परत बसवू, मजुरी घेणार नाही. बहुतेकांचं उत्तर एकच. "मामा, चाललीय ना गाडी, कशाला हात लावता?" एकाने तर विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" दोघे तयार झाले. दोघेच. बाकीच्या गाड्या आजही फिरतायत, कुणाच्या ना कुणाच्या खिडकीखालून. काचेमागे प्रमाणपत्र आहे सगळ्यांच्या.

महिना संपला त्या रविवारी पुन्हा सगळे पार्किंगमध्ये. या वेळी मॅडमनी माझ्यावर काही सोपवलं नाही. प्रयोगशाळेतले गोल पांढरे कागद घरून आणले, तपासणीचं मशीन आणि ते चालवणारा माणूस बाहेरून बोलावला, आणि नळी पूर्ण आत गेली की नाही ते चष्मा लावून स्वतः बघितलं. ॲक्सिलरेटर अनंतने दाबला. मी लांब उभा, हात मागे बांधून. कागद पांढरा निघाला. मशिनानेही तेच सांगितलं. मॅडमनी कागद उजेडाला धरला, उलटा केला, पुन्हा धरला. मग अनंतला म्हणाल्या, "वायू उरलेच आहेत. पण पास."

ठराव बदलला. डिझेल असो, पेट्रोल असो, सगळ्या गाड्यांची दर सहा महिन्यांनी अशीच तपासणी. फाटकाशी इंजिन चालू ठेवून उभं राहायचं नाही. जनरेटरचा पाइप गच्चीपर्यंत वर न्यायचा. अनंतची जागा अनंतकडे राहिली. त्याने गाडीच्या बॉनेटवर हात टेकला आणि तो रॉडचा पाय जरा मोकळा सोडला.

मी गप्प राहायला हवं होतं. पण लोक खुशीत होते, दोघा-तिघांनी माझ्याशी हात मिळवला, आणि माझ्यातला वक्ता उठून बसला. मी एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "मंडळी, मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो की डिझेलची नाहक बदनामी—"

वरून टकटक ऐकू आली. सगळ्यांनी माना वर केल्या. पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडी होती आणि मॅडमचे यजमान नाकातली नळी सांभाळत, अंगठी कठड्यावर आपटत उभे होते. त्यांना कधी कुणी सोसायटीत बोलताना ऐकलं नव्हतं.

"गाडी..." ते म्हणाले. श्वास घेतला. "गाडी राहू दे आत."

आणखी एक श्वास.

"मिस्त्रीला तेवढं बाहेर काढा."